आडवा पहिला, तीन अक्षरी

पडदा वर जातो. दिवाणखाना दिसतो. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पाणी नसलेला तांब्या, भिंतीवर कायमचे सव्वादहा वाजलेलं घड्याळ आणि दोन दारं, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रेक्षक सावरून बसतात. त्यांना बसू दे. आज आपण तिकडून बघायचं नाही. आपण विंगेत शिरू, दोऱ्या ओलांडू, टेकूवर डोकं न आपटता वाकून पुढे सरकू आणि त्या दारांच्या पाठीमागे जाऊन उभं राहू.

इकडून पाहिलं की दिवाणखाना गायब. नुसतं ताणलेलं कापड, ठोकलेल्या पट्ट्या आणि खळीचा वास. दाराच्या पाठीला काळा रंग दिलेला, आणि त्या काळ्यावर खडूने आखलेलं शब्दकोडं. आडवे शब्द, उभे शब्द, काट मारलेली घरं, सगळं रीतसर. त्याच्याशी नाक लावून उभा आहे तो या नाटकातला खलनायक. एका मिनिटात त्याला आत जाऊन एका भल्या कुटुंबाला घराबाहेर काढायचंय, पण तो स्वतःच अडकलाय.

"'पत्त्यांत लाल, घरात लाकडी, कोड्यात रिकामी. तीन अक्षरी,'" तो पुटपुटतो. "बदाम? पण बदाम लाकडी कसा असेल?"

"नाकासमोर आहे तुमच्या," मागून कुणीतरी म्हणतं.

खलनायक नाक मागे घेतो, बघतो, खडू उचलून 'चौकट' लिहितो, मिशी दाबून बसवतो आणि प्रसन्न मनाने दुष्टपणा करायला आत जातो.

मागून बोलला तो बिजागरी. आजची गोष्ट त्याची.

बिजागरी म्हणजे या नाटक कंपनीचा सुतार. उंच, काटकुळा, कमरेत वाकला की घडी पडल्यासारखा दिसणारा. बघणाऱ्याला वाटे, या घडीवरूनच नाव पडलं असेल. तसं नव्हतं. त्याचे वडीलही सुतार, पण खऱ्या घरांची खरी दारं करणारे. मोठी मुलगी नाटकात गेली तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला, आणि तिच्यामागोमाग धाकटा मुलगा रंधा-पटाशी घेऊन त्याच कंपनीत गेला तेव्हा अबोला धरायला घरात कुणी उरलंच नाही, म्हणून बोलायला लागले. एकदा मुलांचा प्रयोग बघायला आले. प्रयोग संपल्यावर थेट रंगमंचावर चढले, मुलाने केलेलं दार उघडलं आणि मागे डोकावले.

"याच्यामागे तर काहीच नाही," ते म्हणाले.

"लोकांना आहे असं वाटतं, बाबा."

बाबांनी दार दोनदा उघडझाप केलं, कान लावून ऐकलं, अंगठ्याने लोखंड चाचपलं. "बिजागरी मात्र चांगली बसवलीयस," एवढं बोलून ते खाली उतरले. सगळ्या आयुष्यात त्यांनी मुलाचं केलेलं कौतुक ते एवढंच. कंपनीतल्या लोकांनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाला हाक आली ती "ए बिजागरी" अशीच, आणि पुढची चाळीस वर्षं तीच राहिली. त्यालाही ती आवडे. काही जणांना पदक मिळतं, त्याला हे मिळालं होतं.

कोड्यांची सुरुवात मात्र रागातून झाली. नट लोक प्रवेशाची वाट बघत दारामागे उभे राहतात तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो, आणि तो गोळा हाताच्या नखांत उतरतो. एक थोर नट होते. बाहेर सिंह, दारामागे उंदीर. त्यांनी एका महिन्यात नखांनी दाराची पाठ सोलून काढली. बिजागरीने तीनदा रंग दिला. चौथ्या वेळी त्याने रंग दिला, वाळवला, त्यावर खडूने कोडं आखलं, खडूचा तुकडा दोरीने बांधून लटकवला आणि म्हणाला, "हाताला काहीतरी काम पाहिजे ना? हे घ्या." कोडं आखायचं म्हटल्यावर शब्द कुठून आणायचे? जे रोज हाताखाली होतं तिथून. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याच्या कोड्यांतली प्रत्येक सूचना दाराशी येऊन थांबे.

'ही केली की दुसऱ्यावर मात, ही लावली की दुसरा बाहेर. दोन अक्षरी.' कडी.

'ही घातली की सावज पकडलं, ही लावली की वारा अडला. तीन अक्षरी.' झडप.

'रोज तुडवतात, आणि वर एकमेकांना सांगतात, ओलांडू नकोस. चार अक्षरी.' उंबरठा.

'दाराला नको असते, शेजारणीला हवी असते. दोन अक्षरी.' ही 'फट' घालताना त्याला शेजारणीचा राग आलेला होता, हे कंपनीत सगळ्यांना कळलं.

त्या थोर नटांची नखं थांबली. हळूहळू सवय लागली. कुणी प्रवेशाआधी पाणी पितं, कुणी डोळे मिटतं. या कंपनीत प्रवेशाआधी एक शब्द सोडवतात. नव्याने आलेल्याला पहिल्या दिवशीच सांगितलं जाई: खडू एकच आहे, परत दोरीला लटकवायचा, उत्तर मोठ्याने बोलायचं नाही, आणि कोडं सुटलं नाही तरी प्रवेश चुकवायचा नाही.

आता त्याच्या मोठ्या बहिणीकडे वळू. ती या कंपनीची थोरली नटी, आणि सगळ्यांचीच ताई. चहावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, त्यामुळे सख्ख्या भावाच्या तोंडी ती हाक जरा फिकी वाटे, पण त्याला दुसरी सुचली नव्हती. ताईचा एक अभिमान होता. इतक्या वर्षांत तिने कधी विंगेतून शब्द घेतला नव्हता. शब्द सांगायला बसलेला माणूस ताईच्या प्रवेशात पुस्तक मिटून पेंगायचा, आणि ताईला तेच आवडायचं.

मग गेल्या वर्षी एका प्रयोगात ती वाक्याच्या दारात उभी राहिली आणि आत जाईना. समोरचा नट वाट बघून थकला. शेवटी त्याने त्या पाणी नसलेल्या तांब्यातून दोन भांडी पाणी प्यायलं. मग ताईला वाक्य आठवलं. लोकांना वाटलं अभिनय आहे, टाळीसुद्धा पडली. घरी जाताना ताई भावाला म्हणाली, "शब्द असतो रे घरातच. मला आतून चाहूल लागते त्याची. दार तेवढं उघडत नाही."

दाराची अडचण म्हटल्यावर सुतार गप्प कसा बसेल?

बिजागरीला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. सांगितलेला शब्द निसटतो, पण खटपट करून सोडवलेला शब्द डोक्यात रुतून बसतो. ते थोर नट तीस वर्षांपूर्वीच्या 'झडप'ची आठवण अजून काढायचे. तेव्हा त्याने एक युक्ती केली आणि कुणाला सांगितली नाही. दारावरच्या कोड्यातला पहिला आडवा शब्द तो ताईसाठी राखू लागला. त्या दारातून आत गेल्यावर तिला जे वाक्य बोलायचं, त्याचा पहिला शब्द तोच कोड्याचं उत्तर. पहिला शब्द सुटला की मागची सगळी वरात आपोआप बाहेर पडायची.

या नाटकात ताईला असे दोनच अवघड प्रवेश होते. पहिल्या अंकात डाव्या दारातून यायचं आणि म्हणायचं, "उशीर झाला का रे मला?" तिसऱ्या अंकात उजव्या दारातून यायचं आणि म्हणायचं, "निरोप घ्यायला आलेय मी." उत्तरं ठरलेली होती, म्हणून दर प्रयोगाला सूचना तेवढी नवी करावी लागे. ती तो घरी बसून करायचा, आणि तपासायला बायको होतीच.

"ऐक," तो जेवताना म्हणायचा. "'दार लागल्यावर पोचणाऱ्याला झालेला असतो.' तीन अक्षरी."

"उशीर. कालही उशीरच होता. परवाही."

"बरं, हे बघ. 'दारात सुरू होतो, फाटकापाशीही संपत नाही.'"

"निरोप. तुमच्या आत्याचा." तिने भाजी वाढली. "अहो, एक विचारू? वन्संच्या नाटकात त्या येतात ते 'उशीर' म्हणत आणि जातात ते 'निरोप' म्हणत, बरोबर ना?"

बिजागरीचा घास हातातच राहिला.

"मी काही विचारलंच नाही," ती म्हणाली. "जेवा."

कंपनीत मात्र कुणाला पत्ता लागला नाही. खलनायक एकदा कुरकुरला, "काय रे, डोकं आटलं का तुझं? रोज आपला उशीर." त्यावर बिजागरी म्हणाला, "रोज होतोच की तुम्हाला." विषय मिटला. ताईही कधी काही बोलली नाही. दारामागे येऊन उभी राहायची, चष्मा वर करून पहिली सूचना वाचायची, ओठ हलवायची आणि आत जायची. आत गेली की पुन्हा तीच जुनी ताई.

एकदाच काय ते बिघडलं. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या अंकात, जिथे दार नाही आणि कोडं नाही, तिथे ती मधल्या एका वाक्याला अडली. दिग्दर्शक वयाने लहान, स्वभावाने वाईट नव्हता, पण प्रयोग पडला तर बोल त्यालाच लागायचे. त्याने बिजागरीला बाजूला घेतलं.

"काका, तुम्ही घरचे म्हणून तुम्हाला सांगतो. मला ताईंना सांगवत नाही. पण आणखी एकदा अशा अडल्या तर भूमिका दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल. मी त्यांना तालीम द्यायला सुरुवातही केलीय."

"ताईला सांगितलंस?"

"माझी हिंमत आहे का? तुम्ही सांगा."

बिजागरीने ताईला काही सांगितलं नाही. तो घरी गेला आणि 'उशीर'च्या चार नव्या सूचना करून ठेवल्या.

आणि मग तो दुपारचा प्रयोग आला. कंपनीच्या नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून प्रयोग एका शाळेच्या सभागृहात ठरला. बक्षिसं वाटायला बांधलेला रंगमंच तो. मागे मोडक्या बाकांचा ढीग, भिंतीला टेकवलेले नकाशे, आणि फळ्या अशा वरखाली की नेपथ्य उभं केल्यावर घड्याळसुद्धा तिरकं दिसे. रंगपट म्हणून मिळालेला वर्ग उजव्या अंगाला होता.

बिजागरीने दारं उभी केली, पाठीवर दोन्ही कोडी आखली, डावीकडे 'उशीर'चं, उजवीकडे 'निरोप'चं, आणि उघडून बघितलं तर डावं दार खाली घासतंय. घासणारं दार म्हणजे त्याच्या लेखी दातात अडकलेली शेंग. त्याने दार उतरवलं, आडवं घातलं आणि रंधा काढला.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. "काका, एक छोटासा बदल. ताईंचे गुडघे दुखतायत, आणि त्या बाकांच्या ढिगातून वाट काढत डावीकडे यायचं म्हणजे शिक्षाच. त्या पहिला प्रवेश उजव्या दारातून घेतील. मध्यंतरात सावकाश इकडे येतील, आणि तिसऱ्या अंकात डाव्या दारातून. सोपं आहे ना?"

"हं," बिजागरी म्हणाला. तो एक डोळा मिटून दाराची खालची कड बघत होता. "अजून एक हात फिरवला पाहिजे."

"ऐकलंत ना?"

"ऐकलं रे. पहिला उजवीकडून, तिसरा डावीकडून. दारं दोन्ही बाजूंना उघडायला मी आहेच."

ऐकलं होतं ते सुताराने. भावापर्यंत ते पोचलंच नाही. त्याने दार पुन्हा बसवलं, उघडलं, मिटलं. आवाज नाही, घासणं नाही. असा खूश झाला की विचारू नका. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. बिजागरी डाव्या दारामागे उभा होता, नेहमीच्या जागी, नेहमीच्या सवयीने, आणि ताईची वाट बघत होता. खलनायक आला, 'चौकट' सोडवून आत गेला. ताई आली नाही.

त्याने मान वळवली. लांब, पलीकडे, बाकांच्या ढिगापल्याड, ताई उजव्या दारासमोर उभी होती. तिने चष्मा वर केला होता.

त्या दारावर 'निरोप' होता, आणि हे बिजागरीच्या आत्ता लक्षात आलं. त्याने हात हलवले. ताईने बघितलं आणि तिनेही हात हलवला. त्याने जोरजोरात मान हलवली. तिने आपली होकारार्थी हलवली. मग तो निघाला. बाकांच्या आणि भिंतीच्या मधून, पोट आत ओढून, एका हाताने नकाशे सावरत, घडी पडल्यासारखा वाकत तो पुढे सरकला. एक जगाचा नकाशा त्याच्या खांद्यावर उलगडला. तो तसाच खांद्यावर घेऊन तो ताईपासून तीन हातांवर पोचला, आणि ताईने दार उघडून पाऊल आत टाकलं.

"निरोप घ्यायला आलेय मी," ताईचा तो खणखणीत आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

नाटक सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. नाटकातल्या मुलाने, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या पन्नाशीच्या नटाने, आ वासला. शेवटी त्याच्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

"आई, तू आत्ता तर आलीस."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. दारामागे बिजागरीने जगाचा नकाशा घट्ट धरला. 

"म्हणून तर आधीच घेते," ताई म्हणाली आणि सावकाश खुर्चीत बसली. "तुमच्या घरात एकदा बोलणं सुरू झालं की निरोप घ्यायला सवड कुठे मिळते? आता सांग, उशीर झाला का रे मला?"

सभागृह असं हसलं की मागे बाकांचा ढीग थरथरला. नाटक रुळावर आलं आणि पुढे सुरळीत निघालं.

मध्यंतर झालं. दिग्दर्शक उजव्या दारामागे आला तेव्हा बिजागरी नकाशा गुंडाळत होता. दिग्दर्शकाने दाराची पाठ वाचली. मग डावीकडे जाऊन तीही वाचली. परत येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर सगळं कोडं सुटलेलं होतं.

"किती दिवस चाललंय हे, काका?"

"वर्ष होईल."

"म्हणजे गेलं वर्षभर आपलं नाटक खडूवर चाललंय."

"तसं म्हणू नकोस. सोडवते तीच. मी नुसतं विचारतो."

दिग्दर्शकाने कपाळ चोळलं. "लोक हसले म्हणून आज निभावलं. पुढच्या वेळी नाही हसणार. हे पुसा, दोन्हीकडचं. तिसऱ्या अंकात त्या कोऱ्या दारातून येतील. आल्या आणि बोलल्या, तर माझं काहीच म्हणणं नाही. अडल्या, तर पुढच्या प्रयोगाला दुसऱ्या बाई."

तो गेला. बिजागरीने ओलं फडकं घेतलं. उजवं दार पुसलं, डावं पुसलं. चाळीस वर्षांत प्रयोगाच्या मध्येच दाराची पाठ कोरी व्हायची ही पहिली वेळ. दिग्दर्शकाची भीती त्याला नव्हती. भीती होती ती ताईची. तिच्या अभिमानाला त्याने वर्षभर चोरून टेकू दिला होता, आणि आता तो टेकू उघडा पडला होता.

ताई रंगपटात आरशासमोर चहा पीत बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"ये की आत. असा वसुलीला आल्यासारखा काय उभा राहतोस."

"ताई, माझं चुकलं. बाजू बदलल्या आणि माझ्या लक्षातच आलं नाही. मी दार तासत बसलो होतो."

"ते तर दिसलंच. पृथ्वी खांद्यावर घेऊन आलास माझ्यामागे." ती हसली. मग तिने कप खाली ठेवला. "एक सांगू? माझ्या जिभेवर 'उशीर'च होता."

"काय?"

"अरे, आज मला आठवलं होतं. घरून निघाल्यापासून घोळवत होते. दारासमोर आले, तर कोड्यात निरोप. म्हटलं, दिग्दर्शकाने बाजू बदलली तसं नाटकही बदललं असेल, आणि मलाच सांगायचं राहिलं असेल. मला शंका स्वतःची आली. तुझ्या दाराची नाही आली."

बिजागरीला बसावंसं वाटलं. तो शाळेच्या एका बुटक्या बाकावर बसला. गुडघे कानांशी आले.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"वर्षभर दर प्रयोगाला पहिला आडवा शब्द माझाच निघतो. मी नटी आहे, बावळट नाही. विंगेतून शब्द घ्यायचा नाही, असं मी म्हटलं होतं. दारावरून घ्यायचा नाही असं कधी म्हटलं?" तिने आरशात बघून केस सारखे केले. "तो पोरगा काय म्हणाला?"

बिजागरीने सगळं सांगितलं. पुसायला लावलं तेही, आणि पंधरा दिवसांपूर्वीचं दुसऱ्या बाईंचंही. ताई ऐकत राहिली. तिचा हात केसांवरच थांबला होता.

"चांगली करते ती," ती शेवटी म्हणाली. "आवाज जरा वर लावते, एवढंच." मग उठली. "चल, हात दे. त्या बाकांतून मला ने पलीकडे."

तिसरा अंक. डावं दार. पलीकडे दिवाणखान्यात सामानाची बांधाबांध चाललेली, इकडे दोघं भावंडं अंधुक उजेडात कोऱ्या दारासमोर उभी. फडक्याचा ओलावा अजून वाळला नव्हता. ताईने सवयीने चष्मा वर केला आणि पुन्हा खाली घेतला. तिचे ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. बिजागरीला ते बघवेना. त्याच्या तोंडात 'निरोप'च्या नव्या सूचना नुसत्या गर्दी करून उभ्या होत्या. एक जरी सांगितली असती तरी काम झालं असतं. पण अट कोऱ्या दाराची होती, आणि पलीकडच्या विंगेतून दिग्दर्शक इकडेच बघत होता.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "तू नको विचारूस," ती कुजबुजली. "मी विचारते. ऐक. सगळे ह्याच्या आधाराने आत जातात, हा मात्र कायम बाहेर. दोन अक्षरी."

"दार," बिजागरी पटकन म्हणाला.

"दार नाही."

"दार नाही?" तो चक्रावला. चाळीस वर्षं त्याने कोडी घातली होती, पण त्याला कुणी कधी घातलं नव्हतं. "कडी? पण कडी आतूनही असते. टेकू? टेकू कसा, त्याला धरून कोण आत जातं. ताई, अक्षर तरी सांग एखादं."

दिवाणखान्यात नाटकातला मुलगा म्हणाला, "कुणाची तरी पावलं वाजतायत." तोच ताईचा इशारा. दार उघडायचं ते बिजागरीने. पण बिजागरी कोड्यात होता.

ताईने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. त्याचा हात आपोआप कडीवर गेला, दार उघडलं, जराही न घासता, आणि ताई उजेडात शिरली.

  समोरच्या नटाने घाईघाईने तांब्या जवळ ओढला.

"निरोप घ्यायला आलेय मी," ताई म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. तिने ते असं म्हटलं होतं, की पहिल्या अंकात हसलेली माणसंच आता रुमाल शोधत होती. पुढची वाक्यं एकामागून एक आली. एकही दार अडलं नाही. पलीकडच्या विंगेत दिग्दर्शकाने हातातलं पुस्तक मिटलं आणि दोन बोटं कपाळाला लावून बिजागरीला नमस्कार केला.

बिजागरीने तो बघितलाही नाही. तो दाराच्या मागे, कोऱ्या काळ्या रंगासमोर उभा राहून दोन अक्षरं शोधत होता. सगळे ह्याच्या आधाराने आत जातात. हा कायम बाहेर. आणि प्रवेश संपायला आला तेव्हा ते उत्तर आपसूक सापडलं, इतकं जवळचं की ते कधी त्याच्या कोड्यात आलंच नव्हतं. भाऊ.

ताईचं शेवटचं वाक्य झालं. ती वळली, डाव्या दारातून बाहेर आली आणि दारातच थांबली. मागे टाळ्यांचा कडकडाट चालू होता. तिचे डोळे चमकत होते.

"सुटलं का?" तिने विचारलं.

बिजागरीने नाक पुसलं. एका हाताने कडी धरली, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरून तिला हळूच अंधारात ओढलं.

"ताई, सरक जरा, दार लावू दे," तो म्हणाला, "तू अजून दिसतेयस त्यांना."